थंडीचं बियाणं

गावी धाकट्या भावाने विहिरीच्या जेमतेम पाण्यावर फ्लॉवर लावायचं ठरवलं. "दादा, उन्हातही गड्डा धरणारंच बी पाठव," त्याने बजावलं होतं. दादरच्या दुकानात ते नव्हतं. पुन्हा खेप नको म्हणून मी थंडीचं घेतलं, पाकीट फेकलं आणि साध्या पुडीत बांधून पाठवलं.

तेव्हापासून करी रोडच्या घरात फोन वाजला की मी आधी नाव बघतो.

"पानं बघ, हत्तीचे कान!" काल व्हिडिओवर तो म्हणाला.

"गड्डे?"

"येतील रे, मुंबईकरा! मिरचीच्या वाट्याचं पाणीही यालाच सोडतोय."

"नको सोडूस," मी म्हणालो. "बी थंडीचं आहे. मला माहीत होतं."

नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.