रोडेलने न घेतलेला आशीर्वाद

तीस वर्षं बारामतीत गणित शिकवलं. वर्गात कुणा पोरीच्या अंगात आलं की मी तिला पाढे म्हणायला लावायचे, तेराच्या पाढ्यापर्यंत देवी उतरायची! सांगायचा मुद्दा, असल्या गोष्टींना मी कधीच भीक घातली नाही. तरी हे लिहितेय...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा गेलेला, मुलगा शिरीष अमेरिकेत. घर खायला उठायचं. म्हणून वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशिनरी बसवायला दोन इंजिनिअर आले होते. एक अमेरिकन, मार्क. दुसरा फिलिपिन्सचा, रोडेल.

मार्कने आल्या आल्या हात मिळवला. "हाय सुमन!" मी त्याच्या आईच्या वयाची, आणि हा सरळ नावाने! राग आला. पण नवरा गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं... पुढे पुढे बरं वाटायला लागलं.

रोडेल मात्र वाकला. पाया पडतोय असं वाटून मी पाऊल पुढे केलं, तर त्याने माझा हात उचलून कपाळाला लावला! धुण्याभांड्याला येणारी कन्हेरी गावची हिराबाई फिस्सकन हसली. "बाई, ह्ये काय आक्रीत? पाय सोडून हात धरतंय की ह्ये!"

ती त्यांची रीत. भेटताना, घरातून निघताना मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा. तो मला 'नानाय' म्हणायचा, म्हणजे आई. रोज सकाळी हात घ्यायचा, मी "औक्षवंत हो" म्हणायचे. अर्थ सांगितल्यावर त्याने ते पाठच केलं.

नाश्त्याला दोघांची जुंपायची. मार्क अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेला. आईकडे जायचं तर आधी फोन करून विचारणार. रोडेलला ते पटेचना. "आईला विचारायचं? आईला?" मार्क म्हणायचा, "तिचंही स्वतःचं आयुष्य आहे." मी पोहे वाढायचे. शिरीषला येऊन चार वर्षं झाली होती.

एक दिवस मी शेळगावला भाचीच्या साखरपुड्याला गेले. संध्याकाळी परतले तर रोडेलची खोली रिकामी. त्याची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला होता. मार्क म्हणाला, "जीप उभी होती तरी तो दहा मिनिटं दारात थांबला, सुमन. तुझा हात घ्यायचा होता त्याला." आई भेटेल का त्याला? आणि नेमकी आजच मी घरात नसावी...

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, पडवीत घेवडा निवडत बसले होते. एकाएकी माझा उजवा हात उचलला गेला. मी उचलला नाही. हाताच्या पाठीला कपाळ टेकलं. गरम, घामेजलेलं. तोंडातून आपसूक निघालं, "औक्षवंत हो."

हिराबाई मोरीतून आली. "कुनाशी बोलताय बाई? हितं तर कुनी न्हाय." माझा हात अजून अधांतरीच होता.

महिन्याने रोडेलचं पत्र आलं. तो पोचला तेव्हा आईची वाचा जाऊन आठवडा झाला होता, ती कुणाला ओळखत नव्हती. त्याने तिचा हात कपाळाला लावला, आणि ती स्पष्ट बोलली. बहिणीने विचारलं, ही कुठली भाषा? रोडेलने लिहिलं होतं, 'नानाय, तुमची. रोज सकाळचे तुमचे दोन शब्द. त्यानंतर ती गेली.' दिवस तोच, वेळ दुपारी दीडची. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. गणित मी तीनदा करून पाहिलं, दर वेळी अकराच.

तो स्वतः ते शब्द पुटपुटला असेल, बहिणीचा घोटाळा झाला असेल, हे सगळं मला सुचतं. पण माझ्या हाताचं काय?

शिरीष दर रविवारी फोन करतो. मी "औक्षवंत हो" म्हणते, तो "थँक्स आई" म्हणून ठेवतो. फोन खाली ठेवल्यावर मी तो उजवा हात तसाच मांडीवर घेऊन बसते. तेवढे दोन शब्द त्या दिवशी समुद्रापार गेले. मग अमेरिकेलाच का पोचत नाहीत, ते काही मला कळत नाही.