तीन मिरच्यांचं कार्ड

लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट सुधारण्याचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. दुकान ओळखीचं होतं. दर एप्रिलमध्ये आई नायगावहून वर्षाचा मसाला कुटून घ्यायला तिथेच जायची, आणि पिशव्या धरायला मी. आपला मसाला कुटून होईपर्यंत डंकासमोर बसून राहायचं, नाहीतर दुसऱ्याची मिरची आपल्यात येते, असा आईचा नियम. गल्ल्याशेजारी मालकांची आई बसायची. सगळे तिला मावशी म्हणत. वजन करण्याआधी ती विचारायची, "घरात खाणारे कोण?" आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, त्या वर्षापासून आमच्या मसाल्याबरोबर एक छोटी वेगळी पुडी येऊ लागली. जवळजवळ नुसत्या धण्याची. आईने ती मागितली नव्हती.

मालकांनी मावशीचा प्रश्न वेबसाइटवरही ठेवला होता. एक मोठा रिकामा चौकोन आणि वर ओळ, 'घरात कोण कोण आहे ते लिहावे.' लोक मनापासून लिहीत. मावशी ते कागदावर छापून घेई, चष्मा लावून वाची, अडलं तर फोन करी. त्यात दोन दिवस जात.

माझ्या मते तो चौकोन हाच रोग होता. तसं मी मालकांना चहा पिताना सांगू शकलो असतो, पण आमच्या धंद्यात साध्या गोष्टीलाही पडदा आणि प्रोजेक्टर लागतो. सादरीकरणाला मी 'ग्राहकाचा प्रवास' असं नाव दिलं. स्लाइडवरची ग्राहक परळला आपल्या पलंगावर बसून होती, ती कुठेही गेली नव्हती. वातावरण हलकं करायला मी चौकोनातले काही मजकूर वाचून दाखवले. एकीने लिहिलं होतं, 'सासूबाईंना तिखट लागतं, मला सोसत नाही. पण हे त्यांना कळू नये.'

आमचं ऑफिस हसलं. मालकही हसले. मावशीला त्यांनी मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. ती म्हणाली, "तिला मी दोन पुड्या पाठवते. एकीवर शिकेकाई लिहून."

सगळे आणखी हसले. मी सगळ्यांत जास्त.

"मावशी, आता तुम्हाला एवढा त्रास पडणार नाही," मी म्हणालो.

"त्रास कोणाला होतोय रे?"

मी पुढची स्लाइड लावली.

चौकोन गेला. त्या जागी तीन चित्रं आली. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. ऑर्डर मिनिटभरात होऊ लागली. मालकांनी पेढे पाठवले, आणि ते मी खाल्ले.

या एप्रिलमध्ये आईचे गुडघे धरले होते, म्हणून दुकानात मी एकटाच गेलो. मावशी जागेवर होती. तिच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड होतं, आणि त्यावर माझीच तीन चित्रं. यंदापासून दुकानात आणि वेबसाइटवर एकच पद्धत हवी, असं मालकांना वाटलं होतं. तेही माझ्याच सादरीकरणातलं वाक्य.

"वेबसाइटवाला ना तू?" मावशीने ओळखलं. मग कार्ड पुढे केलं. "कुठला?"

मागे रांग होती. आईच्या पुडीचं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ही तीन चित्रं माझ्या स्वतःच्या घराला पुरत नाहीत, हे मावशीसमोर माझ्याच तोंडाने म्हणायचं होतं. मी दोन मिरच्यांवर बोट ठेवलं. मान हलवून तिने कार्ड माझ्या मागच्या बाईंकडे वळवलं.

घरी आईने पिशवी रिकामी केली, मग उलटी करून झटकली. "माझी पुडी?"

"मावशी विसरली असेल," मी म्हणालो.

"वय झालं बिचारीचं," आई म्हणाली. "इतक्या वर्षांत कधी विसरली नव्हती."

तेव्हापासून आई कालवणातली बांगड्याची तुकडी वाटीभर पाण्यात बुडवून मग खाते. पुढच्या खेपेला मावशीला आठवण कर, रागावून नको, म्हातारी आहे, असं तिने मला दोनदा सांगितलं आहे. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.