दसऱ्यानंतरची थंड भट्टी

"सही तुझीच आहे ना? मग बोल, लायनिंग तोडायचं?" पाटील सरांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

इस्लामपूरजवळच्या त्या फाउंड्रीत ट्रेनी म्हणून मला पाच महिने झाले होते. कायम करायचं पत्र सरांच्याच हातात होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पुस्तकात भेग म्हणजे धोका, एवढंच मला माहीत.

लायनिंग म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर. सिलिकाची पांढरी पावडर ठासून केलेलं, जेमतेम चार बोटं जाड. आत वितळलेलं लोखंड, बाहेर तांब्याची कॉइल, तिच्यात पाणी. लोखंड पाण्यापर्यंत पोचलं की स्फोट. दसऱ्याला भट्टी तीन दिवस बंद होती. बॅटरी मारून पाहिलं तर आत भेगाच भेगा. मी लिहिलं: रिजेक्ट.

सरांनी तातोबांना बोलावलं. वीस वर्षं ते अस्तरच ठोकत आलेले.

"आवं सायेब, थंडीत टाचा फुटत्यात. मग काय पाय तोडता व्हय?"

सगळे हसले. माझे कान तापले.

तातोबा भट्टीत उतरले, मलाही उतरवलं. हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं पातळ ब्लेड माझ्या हातात दिलं. "घाला बघू भेगंत."

कुठल्याच भेगेत जाईना.

"गेलं असतं, तर मीच पयला तोडाय घेतलं असतं. सिलिका गार झाली की आकसती, तापली की फुगती. भेग आपसूक मिटती. पर दमानं तापवा. घाई केली, तर मिटायच्या आधी लोखंड आत शिरंल."

आत लोखंडाचे तुकडे भरून, झाकण ठेवून कमी पॉवरवर भट्टी लावली. दोन तासांनी सर पॅनेलपाशी आले. तातोबा जेवायला गेले होते.

"मोल्ड तयार आहेत, माणसं बसून आहेत. पॉवर वाढव."

नॉबवर माझाच हात होता. "सर, अजून... एक तास तरी."

"सकाळी तोडायला निघाला होतास!"

"सकाळी चुकलं, सर. आता नाही."

सरांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "माणसांना चहा सांग."

संध्याकाळी लोखंड ओतलं. रिकाम्या भट्टीत डोकावलो. लालभडक अस्तरावर एकही भेग नव्हती. "रिपोर्ट नवीन लिही," सर एवढंच बोलले. पत्र पुढच्या महिन्यात मिळालं.

तातोबा आता म्हसवडला असतात. फोन केला की पहिलं विचारतात, "टाचा कशा हायत?"

भेग दिसली की मी अजून घाबरतो. फक्त आधी ब्लेड घालून बघतो.