प्रिंटरची केबल

दारात चपला काढायचा. तेही केमिकल कंपनीच्या लॅबच्या दारात! जिथे आम्ही पंजाबी ड्रेसवर सेफ्टी शूज घालून दिवसभर ठकठक करत फिरतो, तिथे हा माणूस अनवाणी आत यायचा. कॉम्प्युटरला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मगच खुर्ची ओढायचा.

"अहो, खाली ॲसिड सांडलेलं असतं," मी ओरडायचे. "पाय भाजला म्हणजे कळेल."

"मशीनला हात लावायचा तर चपला नको, मॅडम."

शेवटी मीच वैतागून त्याच्यासाठी टेबलाखाली रबरी सपाता आणून ठेवल्या. त्या त्याने कधी घातल्या नाहीत. पायाने अलगद बाजूला सारायचा आणि बसायचा.

असा एखादा तुमच्याही ऑफिसात येत असेल. खांद्याला फाटक्या चेनची रेक्झिनची बॅग, खिशाला टेस्टर अडकवलेला, आणि मशीन कशाने बिघडलंय हे आपण सांगायला लागलो की कान दुसरीकडे. आमचा हा विठ्ठलवाडीला राहायचा. उल्हासनगरात त्याचा एक गाळा होता, एवढासा, दोन माणसं उभी राहिली की भरला. लहानपण सिंधी व्यापाऱ्यांच्या दुकानांत गेलेलं, त्यामुळे शेठ असो की वॉचमन, सगळ्यांना "साईं" म्हणायचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या निम्म्या कंपन्यांचे कॉम्प्युटर त्याच्याच हाताखालून जायचे. आम्ही त्याला कॉम्प्युटरवाले म्हणायचो. काम संपलं की तो एकच वाक्य बोलायचा, "झालं. चहा सांगा." चहाआधी "झालं" म्हटल्याशिवाय राहायचा नाही आणि "झालं" म्हटल्यावर चहा घेतल्याशिवाय जायचा नाही.

डोक्यात जायचा माझ्या. कारण त्याला औषध एकच माहीत. कॉम्प्युटर हळू चालतो? उडवू, नवीन घालू. माऊस अडकतो? उडवू, नवीन घालू. एकदा मी म्हटलं, "तुमच्या घरात नळ गळायला लागला तर बिल्डिंग पाडता का?" तर हसला आणि म्हणाला, "पाडून मिळाली तर बघतो, मॅडम."

दुसरी सवय म्हणजे श्री. आपल्याकडे कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढतात, लग्नपत्रिकेवर काढतात, तसा तो प्रत्येक नव्याने लावलेल्या कॉम्प्युटरवर काढायचा. म्हणजे मशीन वापरणाऱ्याचं नाव घालायची जी जागा असते, तिथे तो मराठीत, देवनागरीत "श्री" टाइप करायचा. त्याशिवाय पुढचं बटण दाबायचा नाही. एमआयडीसीत कुठेही जा, कॉम्प्युटर चालू केला की समोर श्री. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कोणालाच वाटलं नव्हतं.

आता आमच्या लॅबचं सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला फुकटचा वाटेल.

आम्ही रंगाला लागणारं रसायन करतो. मोठ्या भांड्यात माल तापत असतो, त्यात ॲसिड सोडायचं. पण ॲसिडच्या प्रत्येक ड्रमचा जोर वेगळा. जोरकस ड्रममधलं नेहमीइतकं सोडलं तर भांडं चढतं, झाकणातून उसळतं. म्हणून कुठल्या ड्रममधलं किती सोडायचं हे लॅबने काढून द्यायचं. ते काढायला आमच्या जुन्या केमिस्टने एक्सेलमध्ये एक ॲड-इन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवून दिलं होतं. ड्रमचा नंबर घातला, बटण दाबलं की ते ड्रमांच्या यादीतून त्याचा जोर शोधणार, आकडा काढणार आणि चिठ्ठी छापणार. केमिस्ट नोकरी सोडून परदेशी गेला, ॲड-इन राहिलं.

ती छापील चिठ्ठी घ्यायला भोईर यायचे. भोईर म्हणजे भांड्यावरचे ऑपरेटर, बदलापूरकडच्या गावातले, नोकरी करून शेतीही बघणारे. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला आहे. ॲड-इन यायच्या आधी कोणीतरी घाईत पेनाने खरडलेला आकडा त्यांच्या हातात दिला होता, त्याची ती खूण. तेव्हापासून छापील चिठ्ठी भांड्यावर चिकटवल्याशिवाय ते व्हॉल्व्हला हात लावत नाहीत. मालक येऊ दे नाहीतर मालकाचा बाप येऊ दे.

तर लॅबचा कॉम्प्युटर अडखळायला लागला. धाकट्या शेठनी परस्पर कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. मी येऊन बघते तर सगळं उडवून, ऑफिसचं सॉफ्टवेअर नव्याने घालून, हा माणूस अनवाणी पाय हलवत बसलेला.

"ॲड-इन?" मी विचारलं.

"काढून ठेवलं होतं, परत घातलं. यादीसकट."

घातलं होतं खरं. पण एक्सेल उघडलं तर वरचा ॲड-इनचा मेनूच गायब! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. दुसरी पाळी यायची वेळ, खाली ट्रक उभा, भांड्यात माल तापायला लावलेला. मी त्याला वाटेल ते बोलले. न विचारता हात लावायचा कशाला, म्हटलं. तो नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. मग फाइलवर उजवी क्लिक करून कुठलीशी बंदी उठवली, ॲड-इनच्या यादीत टिक केली, एक्सेल बंद करून उघडलं. आला मेनू! मी नंबर घातला, बटण दाबलं, आकडा आला. माझ्या जिवात जीव आला.

दारात धाकटे शेठ आले. फोन कानाला. "हो गया ना? चला, चिठ्ठी द्या भोईरला."

मी म्हटलं, "झालं."

त्याने "झालं" म्हटलं नाही. चहा मागितला नाही. त्याने माझ्या हातातला माऊस घेतला, दुसऱ्या ड्रमचा नंबर घातला, बटण दाबलं. मग तिसऱ्याचा. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, प्रत्येक ड्रमला हाच आकडा यायला पाहिजे का?"

मी चौथ्या ड्रमचा नंबर घातला, तोच आकडा. ॲड-इन चाललं होतं, पण यादी न बघता! यादी सापडली नाही तर त्याने बोंब मारायला नको का? नाही. ते गुपचूप सगळ्या ड्रमांचा जोर एकसारखा धरून चकचकीत चिठ्ठी छापायला तयार होतं. आणि त्या दिवशी खाली आलेला ड्रम जोरकस होता, हे मला सकाळीच तपासून माहीत होतं.

"यात चूक आहे," मी शेठना म्हटलं. "माल गार करायला सांगा. थांबावं लागेल."

"थांबायचं काय? ट्रक उभा आहे. कालचा आकडा टाका, प्रिंट मारा. उन्नीस-बीस होता है, मॅडम!"

उन्नीस-बीस! ज्याचा हात भाजायचा तो खाली, आणि हे वर एसीत उन्नीस-बीस करणार. मी तोंड उघडायच्या आत शेठनी स्वतःच पुढे होऊन प्रिंटचं बटण दाबलं. काही निघालं नाही. परत दाबलं. परत काही नाही.

"प्रिंटर को क्या हुआ?"

"काय नाय साईं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "केबल माझ्या बॅगेत आहे."

आम्ही दोघंही बघत राहिलो. त्याने बॅग मांडीवर घेतली होती आणि वर हात ठेवला होता, एसटीत बायका पर्स धरून बसतात तशी.

"तो निकालो!"

"झालं की काढतो."

शेठ काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. तुम्हाला अशी माणसं माहीत असतील. बाप काढला, लायकी काढली, गाळा काढला. आवाज ऐकून भोईर वर आले आणि दाराशी उभे राहिले. कॉम्प्युटरवाल्याने बॅग सोडली नाही. मी खाली फोन करून माल गार करायला लावला, आणि तो एका हाताने बॅग धरून दुसऱ्या हाताने शोधत बसला.

बराच वेळ गेला. ॲड-इनमध्ये एका कोपऱ्यात ते यादी कुठे शोधतंय तो पत्ता लिहून यायचा. त्या पत्त्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. पत्त्यात मशीन वापरणाऱ्याचं नाव येतं. जिथे नाव यायचं तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती.

"माझा श्री वाचता येत नाही त्याला," तो म्हणाला. "जुनं आहे. मराठी अक्षर कळत नाही. म्हणून दार सापडत नाही."

आधी हा कॉम्प्युटर केमिस्टने स्वतः लावलेला होता, साध्या इंग्रजी नावाने. आणि बाकी कंपन्यांत हे असलं जुनं ॲड-इन नव्हतं, त्यामुळे त्याचा श्री कोणाला कधी नडला नव्हता.

त्याने नवीन नाव तयार केलं. "लॅब", इंग्रजीत. श्री न काढता पुढचं बटण दाबताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं. मग जुनं नाव पुसायच्या आधी स्क्रीनला हात जोडले आणि पुसलं. यादी नव्या जागी ठेवली, ॲड-इन लावलं, एकेक ड्रम घालून बघितला. प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी हाताने काढलेल्याशी ताडून बघितले, जुळले. तेव्हा बॅग उघडली आणि केबल लावली.

"झालं," तो म्हणाला.

भोईरांनी दारातच चिठ्ठी हातात घेतली. इथे संपलं असतं ना हो! पण नाही. या शहाण्याला शेठनी विचारलं, "प्रॉब्लेम काय होता?" सॉफ्टवेअरचा दोष म्हणाला असता, अपडेटचा म्हणाला असता, काहीही म्हणाला असता तरी शेठना काय कळणार होतं? तर हा सरळ उभा राहून म्हणतो, "चूक माझी, साईं. माझ्या श्रीमुळे झालं."

शेठना तेच हवं होतं. केबल बॅगेत घातली म्हणून काढलं असं त्यांना सांगता येत नव्हतं, कारण ती का घातली हे भोईरांना कळलं होतं. आता कारण आयतं मिळालं. त्याच आठवड्यात गेटवर सांगून ठेवलं, याला आत सोडायचं नाही. पूजापाठ करून कॉम्प्युटर बिघडवतो, असं अख्ख्या एमआयडीसीत पसरवलं. हळूहळू बाकीच्यांनीही त्याला बोलावणं बंद केलं. ट्रक एक पाळी उशिरा गेला, एवढंच काय ते आमचं नुकसान.

नंतर तो मला शहाडला स्टेशनबाहेर भेटला. तीच बॅग. मी भाजीची पिशवी खाली ठेवून भर रस्त्यात त्याला झापलं. "काय गरज होती हो खरं बोलायची? अक्कल गहाण टाकली होती का? कोण विचारत होतं तुम्हाला श्री की फ्री?"

"भोईर दारात उभा होता ना, मॅडम," तो म्हणाला. "परत कधी असं झालं तर कुठं बघायचं, हे कोणाला तरी माहीत पाहिजे."

मला इतका राग आला की रडू यायला लागलं. तो म्हणाला, चला चहा घेऊ. मी घेतला नाही. घाई आहे म्हटलं. आता त्याचा नंबर लागत नाही. गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात, त्या माणसाला आधीचा कोण, कुठे गेला, काही माहीत नाही. मीच विचारायला गेले होते.

आमच्याकडे आता कंत्राट आहे. कोणी येत नाही, फोनवरूनच कॉम्प्युटरचा ताबा घेतात. मध्यंतरी त्यांनी ऑफिसचं सॉफ्टवेअर परत नव्याने घातलं. पुन्हा मेनू गेला, पुन्हा आला. फोनवरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅम, इश्यू रिझॉल्व्ह झालाय, तक्रार क्लोज करतो." मी एका ड्रमचा नंबर घातला. मग दुसऱ्याचा. आकडा तोच. मशीनला परत नवं नाव घातलं होतं आणि यादी जुन्या नावाखालीच सोडून दिली होती मेल्यांनी.

"बंद नका करू," मी म्हटलं. "झालेलं नाही."

"मॅम, आमच्याकडून तर झालंय."

तेवढ्यात धाकटे शेठ दारात. फोन कानाला, खाली ट्रक उभा. त्यांच्या मागे भोईर, भाजलेला हात खिशात घालून. शेठ तरातरा आत आले, प्रिंटचं बटण दाबलं. परत दाबलं.

"अब इसको क्या हुआ?"

मी टेबलाखाली बूट काढले होते. का काढले, मला नाही सांगता येणार. पायाला त्या रबरी सपाता लागत होत्या. जेवणाच्या डब्याची पिशवी मी मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला.

"केबल माझ्या पिशवीत आहे," मी म्हटलं. "झालं की काढते."