बहुरूप्याचा नियम

दुपारपर्यंत विड्या वळून बोटं आखडायची, मान धरायची, आणि तरी आम्हा बहिणींना खेळ हवाच! भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत फरशीवर खडूनं जंगल, नदी, किल्ला काढायचा, प्रत्येकीनं एकेक सोंग घ्यायचं आणि चिंचोके टाकत गोष्ट पुढं न्यायची. खेळ आमचाच, नियमही आमचेच. थोरली बहीण, अक्का, नेहमी बहुरूपी. वाघ हो, घार हो, काय वाट्टेल ते हो. "घार झालीस तर ढाल कशी धरशील गं?" म्हणून माझी तिच्याशी रोज जुंपायची.

दुष्काळ सरला त्या वर्षी तिचं लग्न झालं. ताटातल्या तांदळावर दाजींनी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी ती माहेरी आली, तीही दाजींबरोबर, एका दिवसापुरती. नुसती वाळून गेलेली. आईनं मला आधीच दम भरला होता, "जुनं नाव घ्यायचं न्हाय आता. दाजींस्नी आवडत न्हाय." असा संताप आला मला! घरानं जन्मभर मारलेली हाक, ती काय उष्टी झाली?

दुपारी दाजी बाहेर चहा पीत बसले. अक्का म्हणाली, "एक डाव खेळू की." म्हैस होऊन तिनं नदी ओलांडली. मी म्हटलं, "आता माणूस हो."

"असं कसं? खऱ्या नावानं कुणी हाक मारली, तरच."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता झाला."

मी दबक्या आवाजात नवं नाव घेतलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी आईकडं पाहिलं. आईनं डोळे वटारले. जुनं नाव गिळून मी चिंचोके गोळा करायला लागले. ते पाहून अक्का उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली.

तेवढ्यात अण्णा गिरणीतून आले. दमूनभागून आलेल्या बापाला कुठले आलेत नियम! दाजींच्या देखत, दारातूनच त्यांनी तिचं जुनं नाव घेऊन खणखणीत हाक मारली. मला इतका आनंद झाला, मी टाळीच वाजवली.

अक्का घड्या घालत राहिली. अण्णांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा तिनं मान वर करून मला विचारलं, "कुणाला बोलावतायत गं अण्णा?"