राणीची दृष्ट

नुकतीच सरपंच झालेली माझी लेक मला सेलूला एका कोवळ्या राणीचा सिनेमा दाखवायला घेऊन गेली. राणी गादीवर बसली तशा शिट्ट्या घुमल्या. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं मात्र पडद्याकडं हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि पदरानं डोळे पुसले.

“लेकरू लय एकटं पडलं वो,” ती म्हणाली.

राज्य मिळालं, त्यात रडायचं काय? मी गोंधळले.

बाहेर पडताना मी तिला ऐटीत सांगितलं, “ही माझी लेक. आमच्या गावची सरपंच हाय.”

बाईनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. “जेवलीस का, माय?”

लेक तिथंच हुंदके द्यायला लागली. मला अजून कळत नाही. आम्ही तर घरून जेवूनच निघालो होतो.