खोटी कढई

बापट सर मला रोज सकाळी एकाच नावानं हाक मारायचे, "ये कढई, बस."

सांगलीत सायकलच्या दुकानावर त्यांची खोली व्हती. मी तिथं झाडलोट आन च्या करायला. त्याआधी जतकडं तमाशात सोंगाड्या व्हतो. फड मोडला, मोडायला मीबी हातभार लावला. शाळंत तिसरीपतूर गेलो, तीबी मास्तर लांबचा पाव्हणा म्हणून. सर वाईचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. च्या आला की आधी माझा कप भरायचे. काम त्यांचं कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहायचं.

शिरवळकडं रंगाच्या एका कारखान्यात तेल तापवायची मोठी कढई व्हती. तिची आग कॉम्प्युटरनं सांभाळायची. पण खऱ्या कढईवर प्रोग्राम तपासायचा म्हंजे माणसं भाजायची. म्हणून सरांनी लाकडाची पेटी केली. पिवळा दिवा लागला की समजायचं, कॉम्प्युटर इचारतोय, गरमी किती? मी आकड्यांची चकती फिरवून बटन दाबायचं, की उत्तर गेलं. लाल दिवा म्हंजे आग चालू.

"आवं सर, त्याला कळंल की, हितं कढई न्हाई, मी हाय."

"त्याला फक्त हा प्लग दिसतो. प्लगच्या पलीकडे कोण आहे, हे त्याला कळताच कामा नये. तू सोंग नीट कर. सोंग खरं, तर परीक्षा खरी." ह्ये त्यांचं रोजचं वाक्य.

झालो कढई. आकडा चढवायचो, लाल दिवा इझायचा, मी टाळी वाजवायचो.

"कढई टाळ्या वाजवत नाही," सर म्हणायचे. पण हसायचे.

घरी बायकोनं इचारलं, "काय काम करताय तिथं?"

"कढईचं."

"लय बरं. घरात रिकामं भांडं हुताच."

शेवटची परीक्षा राह्यली व्हती. सर म्हणाले, "आता तू तुटलेली वायर. पिवळा दिवा कितीही लागू दे, बटणाला हात लावायचा नाही. उत्तर आलं नाही की त्यानं आपणहून आग बंद केली पाहिजे. लाल दिवा विझला तर वहीत बरोबरची खूण कर, नाही विझला तर फुली. इथं चुकलं तर पुन्हा करू. तिथं चुकलं तर माणूस जाईल."

आन ते खाली फोन करायला गेले.

पिवळा दिवा लागला. इझला. परत लागला. मी हात बगलंत दाबले. लाल दिवा काय इझंना. फडात सोंगाड्या गप बसला की खालनं चप्पल यायची; सवाल आला की जबाब द्यायचा, एवढीच माझी इद्या. आन ह्यो बापडा इचारतोय, इचारतोय. मला दया आली. चकती वर नेली, बटन दाबलं. लाल दिवा इझला. म्हणलं, इझला न्हवं? खूण केली.

सर आले. "गप्प बसला होतास ना?"

"व्हय सर. पुतळ्यावानी."

त्यांनी पाठीवर थाप मारली.

महिन्याभरानं खऱ्या कढईची वायर वितळली. कॉम्प्युटर इचारत राह्यला, उत्तर येईना, तवा त्यानं मागचाच आकडा खरा धरला आन आग चालूच ठेवली. सर तिथंच व्हते. सगळ्यांना भाईर ढकलून मेन स्विचकडं धावले. स्विच त्यांनी वडला, पण तवर तेल उतू आलं व्हतं.

साताऱ्याच्या दवाखान्यात, ज्या दिवशी सांजला ते गेले त्याच दिवशी दुपारी, मला आत सोडलं. चष्मा न्हवता, तरी वळखलं.

"कढई, त्या दिवशी गप्प बसला होतास?"

एका सवालाला धा जबाब देणारा मी. तोंड उघडलं, परत मिटलं. सर वाट बघत राह्यले. मग डोळे मिटून म्हणाले,

"आता बसलास."